शिडीची पाटी

त्यांना रस्त्यात कोणी नमस्कार करत नसे. अकोल्याच्या आमच्या आळीत तो नियमच होऊन बसला होता. ते समोरून येताना दिसले की आधी त्यांच्या ओठांकडे पाहायचं. ओठ हलत असले तर मुकाट्याने बाजूला व्हायचं, कारण ते पावलं मोजत असायचे. एकदा नव्याने आलेल्या पोस्टमनने मोठ्या आदराने "रामराम, बुवा!" म्हटलं. ते जागच्या जागी थांबले, त्याच्याकडे एकदा पाहिलं, आणि वळून थेट मोर्णा नदीच्या पुलापर्यंत परत गेले. पुन्हा एकपासून सुरुवात.

सारा जन्म त्यांनी वऱ्हाडातली वावरं मोजण्यात घालवला होता. मोजणीदार म्हणूनच लोक त्यांना ओळखत. नोकरी संपली, मोजणी संपली नाही. लग्नाला गेले तर अक्षता पडायच्या आत मांडवाची लांबीरुंदी यांच्या तोंडी तयार. कोणी सहज विचारलं, "बुवा, अथून बाजार किती दूर असन?" तर बसल्या जागेवरून उत्तर देणं त्यांना खोटं बोलण्यासारखं वाटे. "उठ गा, पाहून येऊ," म्हणत आणि विचारणाऱ्याला भर उन्हात बाजारापर्यंत नेऊन परत आणत. त्यामुळे विचारणारे कमी झाले होते. पण वावराच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोन भाऊ काठ्या घेऊन उभे राहिले, की दोघंही म्हणत, बुवाले बोलवा. ते जिथे खुंटी ठोकत तिथून ती कोणी हलवत नसे.

मी त्यांचा भाडेकरू होतो; आळी त्यांना बुवा म्हणे, मी काका म्हणायचो. अमरावतीहून अकोल्याला एका छापखान्यात मुद्रितं तपासायच्या नोकरीवर आलो होतो. माझं शिक्षण शाळेत थोडं आणि पत्रकांवर जास्त झालेलं. दिवसा लग्नपत्रिकांतल्या चुका काढायच्या आणि मालक जेवायला गेला की त्याच शिशाच्या अक्षरखिळ्यांनी सरकारविरुद्धची पत्रकं जुळवायची, असा माझा दिनक्रम होता. काकांना हे ठाऊक होतं. त्यांनी कधी अडवलं नाही. फक्त पत्रक वाचून झालं की एखाद्या ओळीवर नखाने रेघ ओढत आणि विचारत, "हे पाहून आला काय?"

त्या घरात आम्ही चार बिऱ्हाडं होतो आणि शिडी एकच होती. छपराचं कवेलू सरकलं की शिडी, शेवग्याच्या शेंगा काढायच्या की शिडी. एक दिवस चौघांनीही काकांना सांगितलं, आम्हाला स्वतंत्र शिडी हवी. काकांनी कोणाला हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. अंगणातल्या कडुनिंबाला त्यांनी एक शाळेची पाटी टांगली. वर लिहिलं: कायले पाहिजे? कवा पाहिजे? शेजाऱ्याजवळ हाये काय? पंधरा दिवस ज्याला शिडी लागेल त्याने पाटीवर लिहायचं आणि मगच न्यायची. पंधराव्या दिवशी त्यांनी आम्हा चौघांना पाटीसमोर उभं केलं. शिडी बहुतेक वेळ नुसती भिंतीला टेकून होती. दोघांना एकाच वेळी लागल्याचा प्रसंग एकदाच आला होता, आणि तेव्हाही एकाला ती फक्त दुसऱ्याला मिळू नये म्हणून हवी होती.

"चार शिड्या आनल्या असत्या तं ठेवाले पाचवी खोली लागली असती," काका म्हणाले. शिडी त्यांनी भिंतीवरून काढून अंगणाच्या मधोमध, चारी दारांपासून सारख्या अंतरावर ठेवली. अंतर अर्थात मोजून.

काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "म्या घागर मांगतली तं हे पाटी घेऊन आले होते. लगन कराच्या वक्ती पाटी नोती भेटली काय?"

"भेटली असती," काका शांतपणे म्हणाले, "पन तवा शेजाऱ्याजवळ नोती ना तुह्यासारखी."

काकू हसल्या. घागर मात्र शेजारचीच वापरली.

हे सगळं सांगतो आहे ते यासाठी, की पुढे त्याच पाटीसमोर सरकारचे तीन गोरे अधिकारी उभे राहिले.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. कचेरीतली तरुण माणसं कमी झालेली, म्हणून काकांना पुन्हा कामावर बोलावलं. हात थरथरायला लागला होता, म्हणून लिहायला त्यांनी मला सोबत घेतलं. काम वरवर साधं होतं. अकोल्याच्या बाहेर विमानं उतरवायला पट्टा हवा होता. वरून पैसा मंजूर होण्याआधी मोजणीदाराने जागा मोजून, कोणाची किती जमीन जाते ते लिहून, "जागा योग्य आहे" अशी सही करायची. पण कागद एक आला नव्हता, तीन आले होते. एक मागणी लष्कराची, एक विमानदलाची आणि एक चक्क आरमाराची.

आरमाराचं नाव ऐकून आमच्या आळीत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. "मोर्णेत जहाज सोडतेत काय गा?" "घोटाभर पानी हाये तिले, ढोरं बसले तं जहाज अडन!" काका हसले नाहीत. त्यांनी तिन्ही नकाशे मागवले. ते पातळ मेणकापडावर काढलेले होते. दुपारच्या वेळी अंगणात उभं राहून त्यांनी ते एकावर एक ठेवले आणि सूर्यासमोर धरले.

तो क्षण मी विसरणार नाही. तीन वेगवेगळ्या कचेऱ्यांनी तीन वेगवेगळ्या टेबलांवर आखलेले तीन पट्टे एकमेकांना छेदून जात होते, आणि तिन्ही मिळून नदीकाठची सगळी मळ्यांची जमीन खात होते. वांगी, कांदे, शेवंती, झेंडू, सगळ्या अकोल्याच्या बाजाराला पुरणारे माळ्यांचे मळे. तिघांपैकी कोणीही दुसऱ्याचा नकाशा पाहिलेला नव्हता. काकांनी थरथरतं बोट एका ठिपक्यावर ठेवलं. "हे तुळसाबाईची इहीर. तिघायच्याही पट्ट्यात हाये. एक इहीर तीन डाव बुजोतेत."

तुळसाबाई शेवंतीवाली. नवरा गेल्यावर दोन मुलींना तिने त्याच विहिरीवर वाढवलं होतं. बातमी कळल्यावर ती घरी आली, उंबऱ्यात उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "बुवा, वावर दुसरीकडं भेटन मनतेत. इहीर उचलून नेता येते काय?"

 काकांनी पाहून यायला मोजणीची साखळी उचलली.

माझं रक्त तापलं होतं. मला वाटलं, आता सही नाकारायची, माळ्यांना पट्ट्यावर आडवं झोपवायचं आणि जगाला दाखवायचं. मी म्हटलं, "काका, हे त्यांचं युद्ध आहे. त्यांना किती विमानं लागतात आणि किती पट्टे, याचा हिशेब आपण का करायचा? त्यांचं काम आपण सोपं करून देतो आहोत."

ते साखळीचे दुवे पुसत होते. "सरकार आज हाये, उद्या नाई. पट्टा अथीच राह्यणार हाये. वावरही. उद्या हे विमानं आपले होतीन, तवा कोन विचारन कायले पाहिजे म्हून? विचाराची सवय आजपासून नोको?"

मला ते पटलं नाही. मी त्यांना न सांगता छापखान्यात एक पत्रक जुळवलं. "शंभर कुटुंबं उद्ध्वस्त होणार!" असं मोठ्या खिळ्यांत शीर्षक दिलं. शंभर हा आकडा मी कुठून आणला? कुठूनही नाही. तो चांगला दिसत होता.

पाहणीचा दिवस ठरला. काकांनी हट्ट धरला की सभा कचेरीत नको, वावरात हवी. मळ्यांच्या कडेला, चिंचेखाली तंबू लागला. जिल्ह्याचे मोठे साहेब आणि तिन्ही दलांचे तीन अधिकारी आले. काका आले ते डोक्याला रुमाल, खांद्यावर साखळी आणि काखेत ती पाटी घेऊन. पाटीवर अजून आमच्या बिऱ्हाडांची शिडीची पाळी लिहिलेली होती. मी इंग्रजी सांगायला सोबत.

आधी त्यांनी तिन्ही नकाशे एकत्र करून उन्हात धरले. तिघेही अधिकारी जवळ येऊन एकमेकांच्या रेघा बोटाने तपासू लागले. आपल्या पट्ट्यावर आणखी दोघांचे पट्टे आहेत हे त्यांना तिथे, त्या क्षणी कळलं.

मग काकांनी पाटी तंबूच्या खांबाला टांगली. वरचे तीन प्रश्न तेवढे ठेवून बाकीची पुसली, आणि माझ्याकडून तीन रकाने आखून घेतले. "साहेबाले विचार, कायले पाहिजे?"

लष्कराच्या मिशाळ साहेबाने सांगितलं, माल उतरवायला आणि तोफांच्या सरावाच्या वेळी वरून पाहायला. कधी? हिवाळ्यात. आरमाराचा साहेब उन्हाने भाजलेला आणि सभ्य होता. तो म्हणाला, पश्चिम किनाऱ्यावरून पूर्वेला जाणारी आमची विमानं मधे थांबतील. कधी? आठवड्यातून दोनदा, दुपारी. विमानदलाचा अधिकारी सगळ्यांत तरुण होता आणि त्याला या म्हाताऱ्याची गंमत वाटत होती. तो म्हणाला, नव्या वैमानिकांना शिकवायला पट्टा आम्हाला नेहमीच लागेल.

मी भाषांतर केलं. काकांनी खडू वर धरला. "नेहमी मंजे कोनता वार?"

 तरुण अधिकाऱ्याने खिशातून वही काढली, पानं उलटली आणि मघापेक्षा वेगळ्या आवाजात म्हणाला, "सकाळी. ऊन चढायच्या आत. रविवार सोडून."

पाटी भरली. तिन्ही रकान्यांत जवळजवळ कोणतीही वेळ दुसऱ्या वेळेवर येत नव्हती. सकाळ एकाची, दुपार दुसऱ्याची, आणि हिवाळ्यातले काही दिवस तिसऱ्यासाठी सकाळकडून मागून घेता आले असते. काका पाटीकडे पाहत होते आणि मला आमच्या अंगणातली शिडी दिसत होती.

तेवढ्यात जिल्ह्याच्या साहेबांनी खिशातून एक कागद काढला. माझं पत्रक.

"मोजणीदार, शंभर कुटुंबं म्हणतात यात. आमच्या माणसांनी पाहिलं, शंभर कुटुंबं इथे नाहीतच. मग तुमच्या बाकीच्या सांगण्यावर तरी आम्ही का विश्वास ठेवायचा?"

 मला त्याच वेळी समजलं, की माझ्या त्या एका सुंदर आकड्याने तुळसाबाईची विहीर बुजायला आली आहे. मिशाळ साहेबाने घड्याळ पाहिलं.

काकांनी पत्रक हातात घेतलं, शंभरवर नखाने रेघ ओढली. "हे चूक हाये. एकतीस घरं हायेत. इहिरी बावीस. मी हर एका इहिरीच्या काठावर उभा राह्यलो हाओ. चाला, दाखोतो."

"हे कोणी लिहिलं ते तुम्हाला माहीत आहे?" साहेबांनी विचारलं.

मी त्यांच्या शेजारी उभा होतो. खिळ्यांची शाई माझ्या नखांत होती. काका म्हणाले, "साहेब, चूक किती हाये ते सांगनं माह्यं काम हाये. कोनाची हाये ते नाई."

साहेबांनी पत्रक घडी करून टेबलावर ठेवलं. म्हणाले, "एकतीस. लिहून घ्या." कचेरीतल्या कारकुनाने लिहून घेतलं. वऱ्हाडातल्या त्या थरथरत्या हाताच्या माणसाने सांगितलेला आकडा सरकारनेही मोजून न पाहता घेतला. माझ्या शंभर ओरडण्यांची ती किंमत नव्हती.

तरीही एक गोष्ट उरलीच. एक पट्टा, मान्य. पण तो इथेच का नको? विमानदलाच्या तरुणाने बुटाची टाच काळ्या जमिनीवर आपटली. उन्हाळ्यात आमची काळी लोखंडासारखी टणक होते. सपाट, टणक, गावाला लागून. त्याला याहून चांगलं काय हवं?

काका म्हणाले, "याले म्हना, तुह्यी जीप घे अन् तथून, त्या खुंटीजवळून ने."

त्या खुंटीजवळच्या पडीक तुकड्यावर आदल्या दिवशी तुळसाबाईने सबंध दिवस मोट चालवली होती. "कोरड्या वावराले पानी?" ती म्हणाली होती, "बुवा, तुमाले ऊन लागलं काय?" काकांनी उत्तर दिलं होतं, "सोड तू. साहेबाले पावसाळा दाखवाचा हाये." रात्रीतून वरचा थर वाळून करडा दिसत होता.

जीप ऐटीत निघाली आणि दहाबारा हात जाऊन बसली. चाकं फिरली तशी आणखी खाली गेली. चिखल तरुण साहेबाच्या टोपीपर्यंत उडाला. तो खाली उतरला तर काळीने त्याचा एक बूट ठेवून घेतला. मोजा घातलेला एक पाय वर धरून तो उभा राहिला, तेव्हा सगळ्यांच्या आधी आरमाराचा साहेब हसला.

जीप शेवटी तुळसाबाईच्या बैलांनी ओढून काढली. दोर सोडवता सोडवता ती मला म्हणाली, "सांगा साहेबाले, बैल मोटेवर होते म्हून भेटले. इहीर गेली तं बैलही जातीन. मंग वढाले बलावजा म्हना दुसऱ्या कोनाले." मी शब्दन् शब्द सांगितला. एकही शब्द वाढवला नाही. वाढवायची गरज नव्हती.

काकांनी सगळ्यांना नाल्यापलीकडे नेलं, पावलं मोजत, म्हणून वाटेत कोणी त्यांच्याशी बोलू शकलं नाही. तिथे बरड होतं. मुरूम, गोटे, चार खुरटी झुडपं. पाणी पडलं तर वाहून जाणारी जमीन. काकांनी तिथे खुंटी ठोकली. पट्टा तिथे झाला, एकच झाला, तिघांनी वापरला. सही काकांनी एकदाच केली. गावाची ढोरं त्या बरडावर चरत, त्यांना मग लांब जावं लागलं. त्याबद्दल कोणी तक्रार केली तर ते मान खाली घालून ऐकत. "हो, ते माह्यावर हाये," म्हणत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला उठवलं आणि मळ्यात नेलं. रागाचा एक शब्द नाही. फक्त म्हणाले, "मोज." मी एकतीस दारं मोजली, बावीस विहिरींत डोकावलो. मग माझ्याच खिळ्यांनी नवं पत्रक जुळवलं: मागच्या पत्रकातला आकडा खोटा होता, खरा हा. मित्रांनी मला भित्रा ठरवलं. मी आजवर लिहिलेल्या पत्रकांत मला त्या एकाचाच अभिमान आहे.

काही महिन्यांनी साहेबांनी काकांना रावसाहेब ही पदवी द्यायचं ठरवलं. निरोप घेऊन माणूस आला. काकांनी त्याला कडुनिंबाखाली बसवलं, पाणी दिलं आणि पाटीकडे बोट केलं. "कायले पाहिजे, ते मले समजत नाई. कवा पाहिजे, तं आता या वयात कवा? अन् शेजाऱ्याजवळ हाये." शेजारचे वकील रावसाहेबच होते. "एका गल्लीले एक पुरते." माणूस पाणी पिऊन परत गेला.

काकांना जाऊन आता वर्ष होत आलं. पाटी काकूंनी मला दिली. मी अमरावतीला परतलो आहे; इथल्या माझ्या खोलीत ती खिळ्याला टांगलेली आहे. सरकार आता आपलं आहे, विमानंही आपली. परवा इथल्या चौकातल्या सभेत एक वक्ता गर्जून म्हणाला, लष्कराला विमानं हवीत, आरमाराला हवीत, विमानदलाला तर हवीतच, आणि आता किती आणि कशाला हे विचारील तो देशाचा वैरी. टाळ्या पडल्या. मी उभा राहिलो आणि विचारलं, कशाला हवीत, कधी हवीत, शेजारच्या दलाजवळ आहेत का? मला खाली बसवण्यात आलं. मी पुन्हा उभा राहीन. ज्याचं देशावर प्रेम आहे त्यानेच हे विचारायचं असतं. परक्या सरकारला ज्यांनी विचारलं त्यांनी आपल्या सरकारसमोर लाजायचं कशाला?

आणि काकांना देशाचं प्रेम नव्हतं असं कोणी म्हणू नये. स्वातंत्र्यानंतर थोड्याच दिवसांनी आपलं पहिलं विमान त्या पट्ट्यावर उतरणार अशी बातमी आली. सगळं अकोलं बरडावर लोटलं. तुळसाबाई शेवंतीची टोपली घेऊन आली होती. काका आणि मी नाल्याच्या काठावर, त्यांनी ठोकलेल्या जुन्या खुंटीपाशी उभे होतो. विमान दिसलं, वळलं, खाली आलं. पंखांवर आपली खूण होती. त्या मुरमावर ते धूळ उडवत धावलं आणि थांबलं, आणि आतून एक सावळा, आपल्यासारखाच पोरगा उतरला.

काका चालायला लागले. ओठ हलत होते. मी सवयीने बाजूला झालो. वीसपंचवीस पावलांवर त्यांचे ओठ थांबले. मग तो सत्तरीचा माणूस, खांद्यावरची साखळी सांभाळत, धोतर एका हाताने धरून, विमानाकडे धावत सुटला.

संध्याकाळी घरी आल्यावर काकूंनी मुद्दाम विचारलं, "मंग? खुंटीपासून इमान किती पावलं भरलं?"

त्यांनी पायावर पाणी घेतलं, पाय पुसले, आणि ते लाजल्यासारखं हसले.

"मोजाचं राह्यलं, बाप्पा."